येतो म्हणून गेले

मिस्त्री : ती बादली मोजू नका मॅडम. ती संग्रहालयातली नाही, छपराखालची आहे.

तपासनीस : मोजली नाही मी. फक्त अडखळले.

बायको : सगळेच अडखळतात. आधी बादलीला लाथ मारायची, मग आत यायचं, अशी रीतच पडलीय इथे.

तपासनीस : सगळे म्हणजे साधारण किती जण येतात?

मिस्त्री : येतात की. गेल्या महिन्यात चार आले.

बायको : त्यातले दोघे विजेचं मीटर बघायला आले होते.

मिस्त्री : पण वर येऊन बघून गेले ना? वहीत अभिप्राय आहे त्यांचा. वाचा मॅडम.

तपासनीस : "वस्तू छान. बादली सरकवावी."

मिस्त्री : बघा. खोटी स्तुती नाही.

तपासनीस : ठीक. आता मी नियमाप्रमाणे आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी माझ्यावर ओरडायला नको. आमची संस्था जगभर फिरून लहान लहान संग्रहालयं हुडकते. शेजाऱ्यालाही माहीत नसतात अशी. अटीत बसलं तर यादीत घेतो, आणि यादीत आलेल्यांची एक गरज भागवतो. एकच. कुणाला कपाटं हवी असतात, कुणाला कुलपं.

बायको : आम्हाला छप्पर.

तपासनीस : अर्जात वाचलं.

बायको : अर्ज मी लिहिलाय. ह्यांनी गरजेच्या रकान्यात "सोल्डरिंगची तार, अर्धा किलो" असं लिहून ठेवलं होतं.

मिस्त्री : ती लागतेच.

बायको : आणि वर गळतं ते पाणी खाली माझ्या ओट्यावर उतरतं, त्याचं काय? बाई, अर्ज मी लिहिला म्हणून मला ह्या पसाऱ्याचा पुळका आहे असं समजू नका. यादीत आलं तर छप्पर होईल. नाही आलं तर सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय. हे सगळं उचलायचं, ताडपत्री अंथरायची आणि खोलीला कुलूप ठोकायचं. ह्यांनी कबूल केलंय.

मिस्त्री : कबूल करवलंय.

बायको : तीन वर्षं ओट्यावर छत्री धरून उभी राहिले मी. नाहीतर काय करायचं होतं?

तपासनीस : बरं. पहिली अट, कमीत कमी शंभर वस्तू. दुसरी, प्रत्येक वस्तूची माहिती लिहिलेली हवी. तिसरी, आठवड्यातून एक दिवस दार उघडं हवं.

मिस्त्री : सातही दिवस उघडं असतं. लागतच नाही ते, फुगलंय.

तपासनीस : आणि वस्तू तुमच्या मालकीच्या आहेत?

मिस्त्री : एकही नाही.

बायको : अहो!

मिस्त्री : काय अहो? नाहीत म्हणजे नाहीत. मॅडम, खाली माझं दुरुस्तीचं दुकान होतं. बेचाळीस वर्षं. इस्त्री, पंखा, मिक्सर, जे जे विजेवर चालतं आणि बंद पडतं ते सगळं. लोक आणून टाकायचे, मी पावती फाडायचो, ते येतो म्हणून जायचे. काही जण आले, काही जण आले नाहीत. ज्या पाच वर्षांत कुणी मागायला आलं नाही, त्या वस्तू मी वर आणून ठेवल्या. आजही कुणी पावती घेऊन आलं तर त्याची वस्तू त्याला मिळेल.

बायको : झालं. ह्यांना फाशीच्या तख्तावर उभं केलं ना, तर दोरी नीट बांधून देतील.

तपासनीस : काकू, थांबा जरा. आमच्या नमुन्यात "सांभाळ" असा वेगळा रकाना आहे. परक्याच्या वस्तू सांभाळल्या तरी चालतं. एका बेटावर चारशे बटणं बघितली मी, सगळी बोटीतून उतरणाऱ्यांच्या कपड्यांची गळलेली. सांभाळणाऱ्या बाईची नजर पूर्ण वेळ माझ्या कोटाच्या दुसऱ्या बटणावर होती.

बायको : दिलंत?

तपासनीस : निघताना गळलंच ते. कसं ते अजून कळलं नाही. चला, चिठ्ठ्या वाचू. "इस्त्री. तक्रार, तापत नाही. दुरुस्त केली. ग्राहक उद्या येतो म्हणून गेला." पुढे?

मिस्त्री : पुढे काही नाही. तो उद्या अजून आला नाही.

तपासनीस : "केस वाळवायचं यंत्र. तक्रार, केस ओढून घेतं. दुरुस्त केलं. ग्राहक लग्नाच्या आधी येते म्हणून गेली."

बायको : लग्न मोडलं असणार.

मिस्त्री : किंवा केस गेले असतील.

तपासनीस : "दाढीचं यंत्र. ग्राहक दोन तासांत येतो म्हणून गेला." हे केव्हाचं?

मिस्त्री : तेवीस वर्षं झाली.

बायको : आता गुडघ्यापर्यंत आली असेल त्याची.

तपासनीस : "टेबलपंखा. तक्रार, फिरतो पण वारा देत नाही. पाती उलटी बसवली होती, सुलटी केली. ग्राहक उन्हाळ्याच्या आत येतो म्हणून गेला."

मिस्त्री : कुठल्या उन्हाळ्याच्या, ते बोलला नाही.

बायको : बाई, तुम्ही हसताय. तपासायला आलेल्यांनी हसलेलं चालतं का?

तपासनीस : दोनशे अकरा संग्रहालयं बघितली मी. पन्नासएक ठिकाणी रडू आवरलं, पण ते कंटाळ्याने. हसू फार थोड्या वेळा आलं. हा पंखा आमच्या यादीत फोटोला घ्यायचा. किती स्वच्छ ठेवलाय!

बायको : रोज पुसतात. बायकोला सर्दी झाली तर कळत नाही, पंख्यावर धूळ बसली की बरोबर कळतं.

तपासनीस : सगळ्या चिठ्ठ्या "येतो म्हणून गेला" असंच म्हणतायत.

मिस्त्री : सगळे तसंच म्हणाले, त्याला मी काय करू? मी लिहून घेतलं. माणूस येतो म्हणाला तर येईल असं धरून चालायचं. नाहीतर दुकान कशाला काढायचं?

तपासनीस : आणि हा स्टुलावरचा मिक्सर? ह्याला चिठ्ठी नाही.

मिस्त्री : तो मोजायचा नाही. त्याचं गिऱ्हाईक रोज मागतं.

तपासनीस : कोण?

बायको : मी.

तपासनीस : तुमचा आहे?

बायको : माझाच. अकरा वर्षांपूर्वी बंद पडला. ह्यांनी दुकानात नेला, पावती फाडली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, घरचं गिऱ्हाईक म्हणून वेगळी वागणूक नाही.

मिस्त्री : नियम सगळ्यांना सारखा. पावती दाखवा, वस्तू न्या. एकाला सूट दिली की उद्या मेहुणा येतो, परवा मेहुण्याचा मेहुणा.

बायको : स्वतःच्या घरात, स्वतःचा मिक्सर सोडवायला मी ह्यांना पावती दाखवू? जीव गेला तरी दाखवणार नाही!

मिस्त्री : दाखवायला हवी ना जवळ! हरवलीय तिने. म्हणून एवढा आवाज.

बायको : हरवली की ठेवली, ते माझं मी बघेन.

तपासनीस : म्हणजे अकरा वर्षं तुम्ही...

बायको : खलबत्ता! हा दंड बघा माझा. कुस्तीत उतरवा मला.

तपासनीस : मी ह्यात पडत नाही. आमच्या नमुन्यात नवरा-बायकोचा रकाना नाही. मोजते. तुम्ही दोघं बोलू नका, मागच्या वेळी अशाच भांडणात माझी बावीस कुलपं दोनदा मोजली गेली होती.

बायको : मी काल चारदा मोजलंय.

तपासनीस : काकू, गप्प. ही भिंत झाली, छत्तीस. फळीवरचे... एकाहत्तर. हे खालचे हीटर... अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव आणि दारावरची घंटा, शंभर. बरोब्बर शंभर.

बायको : बरोब्बर! सांगत होते ना मी? आता मारा शिक्का.

तपासनीस : शिक्का पिशवीत आहे, काढते. एक मिनिट, घंटा वाजली का ही?

मिस्त्री : ही नाही, खालची.

बायको : मी बघते. कोणी मीटरवाला असेल तर त्यालाही वर आणते, आज गर्दी दिसू दे जरा.

तपासनीस : मिस्त्री, वस्तू तुम्ही पुसता, पण काल मोजताना काकूंनी फळ्याही पुसलेल्या दिसतायत. कानाकोपरेसुद्धा.

मिस्त्री : तिला म्हणू नका. अंगावर येईल. पुळका नाही तिला.

तपासनीस : सोमवारचं खरं आहे?

मिस्त्री : ती बोलली की करते. माझ्याशी लग्न करीन म्हणाली होती, केलंच.

बायको : अहो. खाली एक बाई आलीय. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही म्हणते.

मिस्त्री : मग तू काय सांगायला आलीस?

बायको : तिच्या हातात पावती आहे.

मिस्त्री : कसली?

बायको : तुमची. पिवळी. टेबलपंख्याची.

तपासनीस : ह्या पंख्याची? किती वर्षांनी?

मिस्त्री : एकोणीस. पण पंखा तर एका बाप्याने आणून टाकला होता.

बायको : नवरा तो तिचा. त्याचा जुना कोट द्यायला काढला, तर आतल्या खिशात पावती निघाली.

मिस्त्री : अरेरे. वारला?

बायको : कसला वारतोय! घरात बसून उकडतंय, उकडतंय म्हणून बोंबलतोय. म्हणून तर ती पंखा न्यायला आलीय. दाराशी उभी राहून हसतेय, मला म्हणते, असेल का हो अजून? तिला थांबवून वर आलेय. मी तिला सांगते, दुकान सहा वर्षांपूर्वी बंद झालं. खोटं नाही ते.

मिस्त्री : आणि पंखा?

बायको : पंखा वारला.

मिस्त्री : पावतीवर नंबर किती?

बायको : अहो, ऐका ना!

मिस्त्री : नंबर किती?

बायको : तीनशे चाळीस.

मिस्त्री : बरोबर. पंखा तिचा आहे.

बायको : शंभर आहेत ते! बरोब्बर शंभर! त्यातून एक गेला की किती उरतात, कळतं का तुम्हाला?

मिस्त्री : कळतं.

बायको : छप्पर कळतं? सोमवार कळतो? ह्या बाईंचा शिक्का पिशवीतून अर्धा बाहेर आलाय, तो दिसतो का?

मिस्त्री : सगळं दिसतंय गं. पण ह्या वस्तू मी माझ्या म्हणून ठेवल्या का? कुणीतरी येईल म्हणून ठेवल्या. एवढी वर्षं वाट बघायची, आणि माणूस खरंच आलं की म्हणायचं, पंखा वारला? मग संग्रहालय कसलं, चोरीचा माल झाला हा. त्यापेक्षा भंगारात गेलेला बरा.

बायको : बाई, तुम्ही तरी काही बोला.

तपासनीस : मी... पंखा चालतो ना?

मिस्त्री : माझ्या हातून बंद वस्तू कधी गेली नाही.

बायको : बोलून बोलून हेच विचारलंत? द्या इकडे. सोडा, मी नेते, तुमच्या कमरेचा भरवसा नाही. आणि वायर नीट गुंडाळा. एवढा हरिश्चंद्रपणा करताय, तर वायर लोंबती कशाला?

तपासनीस : गेल्या रागावून.

मिस्त्री : रागावली असती तर पंखा नेला नसता. मॅडम, नव्व्याण्णव लिहा.

तपासनीस : लिहावंच लागेल. एकदा चमच्यांच्या संग्रहालयात नव्व्याण्णव चमचे निघाले. म्हातारा रडायला लागला, मला राहवलं नाही, मी एक काटा चमच्यात धरला. वरच्यांनी फोटोत तो काटा बरोबर हुडकला. नोकरी जाता जाता वाचली, आणि म्हाताऱ्याचं नावही यादीतून कापलं.

मिस्त्री : नको नको. काटा आपल्याला नकोच.

तपासनीस : पुढच्या फेरीला मी तीन वर्षांनी येईन.

मिस्त्री : तोवर इथे ताडपत्री असेल. आणि शंभरावी वस्तू मी आणू कुठून? दुकान बंद, आता माझ्याकडे कोण काय विसरणार?

तपासनीस : वाईट वाटतंय का तुम्हाला?

मिस्त्री : वाटतंय तर! पण जरा ह्या खिडकीतून खाली बघा.

तपासनीस : पंखा मांडीवर घेऊन गाडीत बसलीय. पाती फिरवून बघतेय बोटाने.

मिस्त्री : एकोणीस वर्षांनी आलं हो गिऱ्हाईक. येतो म्हणाला होता, आला. म्हणजे त्याची बायको आली, पण धरून चालू. मला नाचावंसं वाटतंय मॅडम, आणि रडूही येतंय. हिला सांगू नका.

बायको : ऐकलं मी. जिन्यात आवाज जातो. किती लिहिलंत बाई?

तपासनीस : नव्व्याण्णव. पण अजून सही केली नाही.

बायको : करू नका. हा मिक्सर मोजणीत धरा.

मिस्त्री : तो कसा धरणार? पाच वर्षं कुणी मागितली नाही तरच वस्तू संग्रहालयात येते. हा मिक्सर तू रोज मागतेस. आज सकाळीसुद्धा मागितलास!

बायको : पावती दाखवली?

मिस्त्री : नाही.

बायको : पावतीशिवाय मागणं म्हणजे मागणंच नव्हे. अकरा वर्षं, रोज सकाळी, तोंडात ब्रश धरून हे कोण म्हणतं?

मिस्त्री : मी.

बायको : मग मी मागितला का?

मिस्त्री : ...नियमाप्रमाणे नाही.

तपासनीस : मिस्त्री, मी दोनशे अकरा ठिकाणचे नियम वाचलेत. ह्यात मला फट दिसत नाही. फक्त इथली प्रत्येक वस्तू दुरुस्त केलेली आहे. हा चालतो का? लावून बघू?

मिस्त्री : मॅडम, राहू द्या. बटणाला हात नका ला...

(मिक्सर सुरू होतो. थोडा वेळ कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.)

बायको : बंद करा! हा चालतोय?

मिस्त्री : हो.

बायको : केव्हापासून?

मिस्त्री : त्याच दिवशी, संध्याकाळपासून. कार्बन गेला होता. पाच मिनिटांचं काम.

बायको : अकरा वर्षं! अहो, अकरा वर्षं मी कुटतेय, आणि हा वर स्टुलावर ठणठणीत बसलाय? बाई, तुमच्या नमुन्यात खुनाचा रकाना आहे का?

मिस्त्री : मला वाटायचं, आज ना उद्या पावती दाखवशील. पुसून ठेवायचो रोज.

बायको : आणि मला वाटायचं, आज ना उद्या तुम्ही आपणहून आणून द्याल.

तपासनीस : काकू, मला विचारावंच लागतं. तो चालतो हे आता तुम्हाला कळलंय. पावती असेल तर आत्ता दाखवा आणि घेऊन जा. मग नव्व्याण्णववर सही करते मी.

बायको : पावती ना? ही बघा.

मिस्त्री : होती तुझ्याकडे?

बायको : बटणांच्या डब्यात होती, अकरा वर्षं. आज सकाळी खिशात घातली. म्हटलं, ही बाई नाही म्हणाली तर सोमवारी टेम्पो यायच्या आत नाक मुठीत धरून दाखवीन ह्यांना, आणि एक मिक्सर तरी सोडवून आणीन.

मिस्त्री : म्हणजे दाखवणार होतीस! मग दाखव. माझी तक्रार नाही. दाखव आणि ने. छपराचं बघू आपण.

बायको : काय बघणार? बादलीत तोंड? मी दाखवली नाही अजून, नुसती हातात धरलीय. आणि आता...

मिस्त्री : अगं! फाडलीस कशाला?

बायको : फाटली. जुना कागद होता. बाई, लिहा शंभर.

तपासनीस : शंभर. लिहिलं, आणि सहीही केली. शिक्का मारते.

मिस्त्री : पण तू कुटत बसणार आता. जन्मभर?

बायको : बसेन. छप्पर झालं की कोरड्या अंगाने बसेन. आणि तुम्ही शेजारी उभं राहून निम्मं कुटायचं. हा माझा नियम, ह्याला पावती नाही.

मिस्त्री : कबूल.

तपासनीस : ह्याची चिठ्ठी राहिली. ती मात्र तुमच्याच हातची हवी, मिस्त्री.

मिस्त्री : द्या पेन.

बायको : सोपं आहे. "येते म्हणून गेली" लिहा, आणि मोकळे व्हा.

मिस्त्री : ते खोटं होईल.

बायको : मग काय लिहिताय एवढा वेळ? चष्मा खाली राहिलाय माझा. बाई, तुम्ही वाचा.

तपासनीस : "मिक्सर. तक्रार, फिरत नाही. दुरुस्त केला. ग्राहक आली. गेलीच नाही."